बावीस पायऱ्या आणि एक देवमासा

सोमवार

नवसारीहून बडोदं रेल्वेनं एकशे साठेक किलोमीटर. आमचे पणजोबा गायकवाडीत नवसारी प्रांतात कारकून होते, म्हणून आम्ही नवसारीचे. राज्य खालसा होऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी घरात अजून कुणी 'वडोदरा' म्हणत नाही. ते फक्त तिकिटावर. आम्ही जातो ते बडोद्याला, आणि जाताना थोडं राजधानीला निघाल्यासारखंच वाटतं.

गेल्या वर्षी संक्रांतीला असेच हौसेनं आलो होतो. आतेभाऊ नाना दांडिया बाजारात राहतो. उत्तरायणाचे पतंग बघावेत तर बडोद्यातच, असं त्याचं ठाम मत. त्याच्या नातवाची फिरकी हातात घेऊन मी गच्चीवर निघालो आणि जिन्यातच बसलो. छातीवर कुणी टपालाची भरलेली थैली ठेवावी तसं झालं. (पोस्टात चौतीस वर्षं काढली आहेत, मला उपमा त्याच सुचतात.) वरून 'काप्यो छे!'ची आरोळी आणि खाली मी घामानं निथळलेला. पुढचं नानानं आणि रिक्षावाल्यानं केलं. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती, त्याच दुपारी तीत स्टेंट बसला. त्यामुळे डॉक्टरही बडोद्याचेच झाले. आता वर्षभरानं मोठी तपासणी, म्हणून ही वारी.

गाडीत खिडकी मिळाली. सुरत सोडताना तापी, मग अंकलेश्वरनंतर नर्मदा. नर्मदेवरच्या रेल्वेपुलावरून शेजारचा जुना गोल्डन ब्रिज दिसतो, १८८१ सालचा. दरवेळी मी तो उभा आहे ना ते बघून घेतो. भरूचला खारी सिंगवाला, म्हणजे खारे शेंगदाणेवाला, चढला. अख्ख्या डब्यात खमंग वास. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं खिडकीबाहेर पाहिलं. विषय संपला.

बडोद्याच्या स्टेशनवरून रिक्षा काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल, कोठी, रावपुरा अशी येते. तारांवर आणि झाडांवर फाटके पतंग अजून लोंबकळत होते. नानाकडे पहिल्या मजल्यावर चढायला बावीस पायऱ्या आहेत. हे मला वर्षभरापूर्वी ठाऊक नव्हतं. आता आमच्या घराच्या सतरा, नवसारी स्टेशनच्या पुलाच्या, देवळाच्या, दवाखान्याच्या, सगळ्या ठाऊक आहेत. अकरा झाल्या की थांबायचं, कठड्याला हात लावायचा, कुणी बघत असेल तर चपलेचा अंगठा नीट करायचा. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी. पायरीगणिक ती खुळखुळते.

वहिनींनी दार उघडलं. "भाऊजी, दमलात?"

"छे."

"मग बोला की काहीतरी," त्या म्हणाल्या, कारण त्यानंतरचं मिनिटभर मी बोललोच नव्हतो.

रात्री साडेसातला मुगाची खिचडी, बिनफोडणीची. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. नाना झोपाळ्यावर बसून भाखरवडी खात होता आणि मला जुन्या ओळखीच्यांच्या बातम्या सांगत होता. त्यातले तीन वारले होते. वहिनींनी त्याला स्वयंपाकघरातून हाक मारली, तेव्हा कुठे तो थांबला.

मंगळवार

सकाळी सातला रक्त. त्यानंतर दवाखान्याच्या खालच्या दुकानात चहा आणि दोन खाकरे. मग ईसीजी, मग इको, मग चालायची परीक्षा, आणि शेवटी डॉक्टर. कागदावर हे चार ओळींत मावतं, प्रत्यक्षात संध्याकाळचे पाच वाजतात. बाकड्यावर बसलेले सगळे एकमेकांना 'कितने ब्लॉकेज?' असं विचारत होते, जणू मुलं किती हे विचारावं. शेजारच्या एका काकांना तीन होते. माझा एकच म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

इकोच्या खोलीत डाव्या कुशीवर निजवतात, छातीवर थंडगार जेल फासतात आणि एक यंत्र बरगड्यांमध्ये दाबून फिरवतात. पडद्यावर आपलं हृदय दिसतं. मला पहिल्यांदा वाटलं होतं तसं ते बदामाच्या आकाराचं नाही, आणि ठोक्याचा आवाजही धडधड नाही. धोब्यानं ओला कपडा दगडावर आपटावा तसा तो फसाक-फसाक येतो. मधेच झडप दिसते. पांढरा पातळ पडदा, उघडतो-मिटतो, उघडतो-मिटतो. त्रेसष्ट वर्षं हे चाललंय आणि मला कल्पनाच नव्हती. तपासणाऱ्या बाईंनी पडद्यावर दोन ठिपके ठेवून रेघ ओढली, परत ओढली, आकडा लिहिला. मी मान वाकडी करून बघायला गेलो तर म्हणाल्या, "हलो मत अंकल."

हा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो, आणि आवळला की त्यातलं शेकडा किती रक्त बाहेर जातं, तो हा हिशेब. निरोगी माणसाचाही शंभर नसतो. साठच्या आसपास असला की झालं. थैलीतलं सगळंच टपाल एका फेरीत बटवड्याला जात नाही, तसंच. गेल्या वर्षी झटक्यानंतर माझा बटवडा बेचाळीसवर आला होता.

चालायची परीक्षा म्हणजे टीएमटी. छातीवरचे केस काढून बिल्ले चिकटवतात, कमरेला यंत्र बांधतात आणि सरकत्या पट्ट्यावर उभं करतात. दर तीन मिनिटांनी पट्टा जोरात पळतो आणि पुढून उचलला जातो, म्हणजे आपण जागच्या जागी डोंगर चढतो. २२० मधून वय वजा करायचं, माझे आले १५७, आणि त्याच्या पंचाऐंशी टक्के म्हणजे १३३पर्यंत नाडी जायला हवी. तिथला मुलगा चांगला होता. "काका, छातीमां भारे लागे तो तरत केजो," म्हणाला. छातीत जड वाटलं तर लगेच सांगा.

पहिली तीन मिनिटं म्हणजे देवळात प्रदक्षिणा. दुसरी तीन म्हणजे गाडी फलाटावर लागली आहे आणि आपला डबा पुढे आहे. तिसऱ्या तीनमध्ये गाडी सुटलीच. पोटऱ्या भरून आल्या, तोंडाला कोरड पडली, आणि मी छातीकडे लक्ष देऊन राहिलो. वर्षभर हेच केलंय म्हणा. जरा कुठे कळ आली की मन तिथं धावतं. गॅस, बरगडी, खांदा, सगळ्यांना हृदयाच्या नावानं बोलावून झालंय. पण आज थैली आली नाही. आठव्या मिनिटाला यंत्रावर १३६ दिसले. मुलानं विचारलं, "बंद करूं?" मी म्हणालो, "नऊ तरी होऊ दे." का म्हणालो, देव जाणे. बिल्ले उचकटून काढताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. झटक्याच्या वेळीही आलं नव्हतं.

डॉक्टर गुजराती, पण बडोद्याचे म्हणून मराठी सगळं समजतात. उत्तर मात्र मिसळीचं येतं. त्यांनी कागद उलटसुलट केले. इजेक्शन फ्रॅक्शन ५५. रक्तदाब १२६/७८. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, गेल्या वर्षी १४१ होतं ते ५२. स्टेंटवाल्यांनी पंचावन्नच्या खाली ठेवायचं असतं. मग त्यांनी औषधांच्या यादीतल्या एका नावावर सरळ काट मारली. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू होत्या. स्टेंट नवा असतो तोवर त्यात गुठळी होऊ नये म्हणून सहसा वर्षभर दोन्ही देतात. आता ॲस्पिरिन तेवढी कायमची, आणि कोलेस्टेरॉलची रात्रीची. दुसरी बंद. या काटेचं मला जेवढं अप्रूप वाटलं तेवढं निवृत्तीच्या वेळच्या घड्याळाचंही वाटलं नव्हतं. शिवाय आता दात घासताना हिरडीतून रक्त यायचं थांबेल.

ही घरून यादी करून आली होती. मीठ किती? सगळं धरून दिवसाला चमचाभराच्या आत, पापड-लोणचं-फरसाण हिशेबात धरून. तूप? चमच्यानं, वाटीनं नाही. प्रवास? करा. शेवटचा प्रश्न तिनं आवाज खाली आणून विचारला, "आणि जिने किती चढायचे यांनी?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जेटला सामने आवे तेटला. जेवढे येतील तेवढे."

नानाकडे आलो तेव्हा अंधार पडला होता. पायऱ्या मोजल्या. बावीसच भरल्या. अकराव्या पायरीवर थांबलो, सवयीनं.

बुधवार

आज काहीच करायचं नाही असं ठरवून उठलो. असा दिवस वर्षभरात नव्हता. कुठे ना कुठे जायचं असायचं ते नाही तर तपासणीला, नाही तर 'तब्येत जपून'.

नाना, मी, ही आणि नानाचा कॉलेजातला नातू असे कमाटीबागेत गेलो. खरं नाव सयाजीबाग, १८७९ची, पण बडोद्यात ते नाव पाटीवरच. बागेच्या कडेनं विश्वामित्री वाहते आणि नदीत मगरी आहेत. शहराच्या ऐन मध्यातून मगरींची नदी वाहते याचं बडोदेकरांना काहीच वाटत नाही. पुलावरून वाकून 'ती बघ' म्हणतात आणि पुढे जातात. नाना गेल्या पावसाळ्यातली मगरीची गोष्ट सांगत चालला होता आणि मी त्याच्या बरोबरीनं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की बोलत-बोलत चालतोय. दम लागला की आधी बोलणं तुटतं, हे मला आता चांगलं कळतं.

बागेतलं संग्रहालय सयाजीरावांनी बांधवलं, १८९४ साली पुरं झालं. लहानपणी वडिलांबरोबर ममी बघायला आलो होतो. ममी आहे तिथेच आहे, तिची तब्येत जैसे थे. पण मला बघायचा होता तो देवमासा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला निळा देवमासा, सत्तर-एक फूट लांब. त्याचा सगळा सांगाडा इथं मांडून ठेवलाय.

मी डोक्याकडून शेपटीकडे चालत गेलो. जबड्याची हाडं होडीच्या कमानीसारखी. मग मणके, एकेक पाटाएवढा. आणि मधे बरगड्या. तिथं थांबलो. दोन्ही बाजूंनी वाकून आलेल्या त्या बरगड्यांच्या आत आता नुसती हवा आणि वरून येणाऱ्या उजेडात धूळ. कालच कुणीतरी माझ्या बरगड्यांच्या फटीतून आत पाहिलं होतं, त्यामुळे असेल, पण माझी नजर डाव्या बाजूला, जरा खाली, तिथेच जाऊन थांबली. इथे असणार.

"याचं हृदय केवढं असेल रे?" मी नातवाला विचारलं. त्यानं मोबाइल काढला. कॅनडाच्या एका संग्रहालयानं निळ्या देवमाशाचं हृदय जपून ठेवलंय, ते १८० किलोच्या आसपास भरलं. म्हणजे नाना आणि मी मिळूनही कमी पडू. मग पोरगं म्हणालं, "आजोबा, हे ऐका." २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी जिवंत निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून त्याचा ईसीजी घेतला. खोल बुडी मारली की ठोके कधीकधी मिनिटाला दोनवर येतात. वर येऊन श्वास घेतला की तीस-पस्तिसावर जातात.

दोन! माझी नाडी गोळीमुळे अठ्ठावन्नवर आली तेव्हा मी रात्री अडीचला हिला उठवून 'बघ गं, थांबत तर नाही ना' म्हणून मनगट पुढे केलं होतं. हिला तेच आठवलं असणार, कारण ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. रखवालदार आमच्याकडे बघू लागला. नानाला काय झालं ते कळेना, त्याला सांगायलाही नको वाटलं.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. बाकीचे चित्रं बघायला पुढे गेले.

दुपारी सेव उसळ. बडोद्यात येऊन ती खाल्ली नाही तर नाना बोलायचं बंद करतो. वाटाण्याची उसळ, वर लाल तरी, कांदा, पात, आणि मूठभर शेव, बाजूला पाव. तरी आणि शेव हवी तेवढी परत घालून घ्यायची, तेच तर खरं सुख. माझी बशी हिनं सांगून करवली, तरी वरून नितळून काढलेली, शेव नाही. दुकानदारानं ती ऑर्डर दोनदा विचारून घेतली आणि बशी माझ्यापुढे ठेवताना मला आजारी माणूस म्हणून नाही, तर परदेशातून आलेला म्हणून पाहिलं. चव काय सांगू? उकडलेले वाटाणे. पण नानाच्या बशीतल्या चार शेवा ही हात धुवायला गेली तेव्हा माझ्या बशीत आल्या, एवढं नमूद करतो.

घरी येऊन दोन तास झोप. चारला लक्ष्मीविलास पॅलेस. मोठं आहे, सुंदर आहे, दरबार हॉलची फरशी मोझेकची आणि खिडक्यांना रंगीत काचा, उतरत्या उन्हात त्यांचे तुकडे फरशीवर पडतात. सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. मला त्यातून लक्षात राहिली ती नानानं हिरवळीवर बसून सांगितलेली गोष्ट. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज स्थापत्यकारानं केला. काम चालू असतानाच, १८८१मध्ये, तो वारला. सांगतात की आपले हिशेब चुकलेत, इमारत कोसळणार, या धास्तीनं त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता. मग चिझम नावाच्या दुसऱ्यानं ती पुरी केली, १८९०मध्ये.

"एक वीट हलली नाही," नाना म्हणाला आणि गवताची काडी दातात धरली. मला उद्देशून म्हणाला की नुसतंच, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही. नानाचं काही कळतच नाही.

येताना सूरसागराच्या कठड्यावर बसलो. तळ्याच्या मधोमध शंकराची उंच मूर्ती, दिवे लागले होते. ही आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा बडोद्याला आलो तेव्हा ही मूर्ती नव्हती, नुसतं पाणी होतं. तेव्हाही असंच बसलो होतो, आणि तेव्हाही हिनं घड्याळ बघून 'चला, जेवायला वाट बघत असतील' म्हटलं होतं.

घरी वहिनींची कुकर लावायची धांदल. आम्ही चपला काढतोय तोच आतून आवाज आला, "भाऊजी, तेवढे गच्चीवरचे कपडे आणता का? दव पडेल."

त्या बोलून गेल्या आणि आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. ही माझ्याकडे बघत राहिली. नाना म्हणाला, "मी जातो," पण झोपाळ्यावरून उठायला त्याला गुडघ्यांमुळे वेळ लागतो. तोवर मी जिन्यात होतो. जिथे बसलो होतो तो वळणाचा कोपरा आला. तिथं वहिनींनी आता कुंडी ठेवली आहे, कोरफडीची. ओलांडून वर गेलो. गच्चीवर गार वारा. एक साडी, नानाचे दोन लेंगे, चार पंचे. शेजारच्या तारेत एक जांभळा पतंग अडकून फडफडत होता. मांजा हाताला लागत होता, सोडवायला गेलो, सुटला नाही. तसाच ठेवला. कपडे घेऊन खाली आलो तर सगळे जिन्याच्या तोंडाशी उभे.

"एक पंचा राहिला," वहिनी म्हणाल्या.

परत गेलो.

गुरुवार

गाडी दुपारची. सकाळी रावपुऱ्यात तांबेकर वाडा पाहिला. तांबेकर गायकवाडांचे दिवाण होते, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. वरच्या मजल्यावरच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्ण, लढाया, आणि त्यांतच टोपीवाले साहेब. रंग कुठे उडालेत, कुठे काल दिल्यासारखे. लाकडी जिना अंधारा आणि उभा. उतरल्यावर हिनं विचारलं, "किती होत्या हो?" मला सांगता येईना. "मी पण नाही मोजल्या," ती म्हणाली. पण ती खोटं बोलते तेव्हा मंगळसूत्र चाचपते.

जवळच रावपुऱ्याचं मोठं पोस्ट. ३९०००१. हा आकडा मी आयुष्यात किती पाकिटांवर वाचला असेल त्याचा हिशेब नाही. आत गेलो, पाच रुपयांची तिकिटं घेतली, काउंटरवरच्या मुलीला 'मी पण पोस्टातला' असं सांगितलं. ती म्हणाली, "बाजूला व्हा काका, मागे लाइन आहे." योग्यच बोलली.

निघताना औषधांच्या डब्याची आवराआवर. बंद झालेल्या गोळीच्या पट्टीत अकरा गोळ्या शिल्लक. कापलेली पट्टी दुकानदार परत घेत नाही. टाकवत नाही, महागाच्या आहेत. दुसऱ्या कुणाला देणं बरं नाही. वहिनी म्हणाल्या, असू देत. ही म्हणाली, असू कशाला देत? मग दोघींनी मिळून ती पट्टी नानाच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

भरूचला तोच खारी सिंगवाला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. पुडी फाडल्याचा आवाज आला म्हणून वळलो. हिनं दाणे रुमालावर घेतले होते, दुसऱ्या टोकानं चोळून मीठ झटकत होती. मग माझा हात ओढून त्यावर ठेवले.

पायऱ्यांचं ठीक आहे, पण दाणे तिनं मोजून दिले. नऊ.